‘ह्या जन्मी धन्य व्हा’ हा निरोप आपण कोणाला पाठवला?

सांजतारा

माझे वडील आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांची सगळी नोकरी रेल्वे डाक सेवेत, म्हणजे आमच्या घरात ज्याला नुसते ‘आरेमेस’ म्हटले जाई त्या खात्यात, झाली. रात्रीच्या गाडीला जोडलेला डाकेचा डबा, समोर गावांच्या नावांचे खण, डोक्यावर पिवळा दिवा आणि गाडीच्या हेलकाव्यांबरोबर तोल सांभाळत उभ्याउभ्या पत्रे लावणारी चार-पाच माणसे, हे त्यांच्या कामाचे चित्र आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढचे स्टेशन येण्याआधी तिथली थैली बांधून, लाखेचे सील ठोकून दाराशी तयार ठेवावी लागे. गेल्या दिवाळीनंतर वडिलांचे चालणे बंद झाले. एका संध्याकाळी मी त्यांच्या पायांना तेल चोळत असताना त्यांनी विचारले, “मी एवढी वर्षं कशासाठी जगलो, तुला काही सांगता येईल का गं?” त्या आवाजात खंत नव्हती. पत्रावरचे अक्षर लागत नसले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते जसे विचारत असतील, तसेच त्यांनी मला विचारले.

मला उत्तर देता आले नाही आणि पुढे कित्येक दिवस तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. त्याच काळात व्हॉयेजर अंतराळयानांबद्दल वाचताना मला एक वाक्य सापडले आणि त्यामुळेच हा चर्चेचा धागा काढावासा वाटला.

१९७७ साली, २० ऑगस्टला व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर-१, अशी दोन याने अमेरिकेतून निघाली. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवलेली आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील एका लहानशा गटाने तयार केलेल्या या तबकडीत शंभराहून अधिक चित्रे, सुमारे ९० मिनिटांचे संगीत, पाऊस, पक्षी, हृदयाचे ठोके, व्हेलचे आवाज आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यात मराठीही आहे. एक स्त्री म्हणते : “नमस्कार. ह्या पृथ्वीतील लोक तुम्हाला त्यांचे शुभविचार पाठवतात आणि त्यांची इच्छा आहे की तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा.” इंग्रजी यादीत या निरोपाचा अर्थ केवळ ‘पृथ्वीवरील लोक शुभेच्छा पाठवतात’ एवढाच दिला आहे. धन्य होण्याचा भाग भाषांतरात गळून गेला, पण तबकडीत तो आहे आणि सूर्यमालेतील सगळे ग्रह ओलांडून पुढे निघाला आहे.

हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पत्ता काय घातलाय?” मी त्यांना तबकडीच्या आवरणाचे चित्र दाखवले. त्यावर एका बिंदूतून फुटलेल्या रेषा आहेत. तो बिंदू म्हणजे आपला सूर्य आणि रेषा म्हणजे १४ स्पंदक ताऱ्यांच्या दिशा. प्रत्येक तारा किती वेळाने स्पंद पाठवतो ते रेषेवर खुणांनी लिहिलेले आहे, म्हणजे ज्याला ते तारे ओळखता येतील त्याला आपले ठिकाण शोधता येईल. वडिलांनी चष्मा वर-खाली करत ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे प्रेषक आहे. ‘प्रति’ मोकळंच आहे.”

आता माझ्या मनात घोळत असलेली गोष्ट मांडते. मराठीत आपण ‘कृतार्थ’ आणि ‘धन्य’ हे दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. कृतार्थ म्हणजे ज्याचा अर्थ, ज्याचे प्रयोजन, साधून झाले तो. त्यासाठी आधी प्रयोजन ठरलेले असावे लागते आणि मग ते पुरे झाले की नाही याचा हिशेब करावा लागतो. धन्य होण्यासाठी असे काही ठरलेले असावे लागत नाही, कारण धन्यता बहुतेक वेळा काहीतरी लाभल्यामुळे येते, आणि जे लाभते ते आपल्या मोजमापाबाहेरचे असते. वडिलांनी विचारलेला प्रश्न कृतार्थतेचा होता. आपण साऱ्या विश्वाला जो निरोप पाठवला तो मात्र धन्यतेचा आहे. मानवी जीवनाच्या प्रयोजनाचा विचार करताना आपण चुकीच्या शब्दापाशी अडकून पडतो का, हा माझा प्रश्न आहे. ज्यांनी यावर विचार केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शून्यबिंदू

धागा मनापासून आवडला, तरीही माझे मतभेद स्पष्टपणे नोंदवतो.

प्रयोजन हा शब्द मुळात घडवलेल्या वस्तूंचा आहे. अडकित्ता सुपारी कातरण्यासाठी घडवला जातो, म्हणून ‘अडकित्ता कशासाठी’ हा प्रश्न नीट विचारता येतो. माणूस कोणी कशासाठी घडवलेला नाही. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे आणि आपल्या जातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मधल्या प्रदीर्घ काळात आपल्यावाचून काहीही अडले नव्हते. उत्क्रांतीत जे टिकले ते टिकले, त्यामागे हेतू शोधणे म्हणजे नदीच्या वळणाला हेतू चिकटवण्यासारखे आहे.

तबकडीचेही तसेच. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे आणि साधारण ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्याच्या जवळून जाईल, असे म्हणतात. पण हे ‘जवळून’ म्हणजे दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतरावरून. आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे असले, तरी त्यांच्यामधल्या पोकळीच्या मानाने ते नसल्यातच जमा आहेत. ती तबकडी कोणाच्या हाती लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. शिवाय ‘ह्या जन्मी’ हे शब्द ऐकणाऱ्याला जन्म म्हणजे काय ते ठाऊक असेल, असे आपण कशावरून धरायचे?

तरीही एका बाबतीत मी नेहमीच्या निराशेशी सहमत नाही. विश्व अवाढव्य आहे म्हणून माणूस क्षुद्र, असे जे म्हटले जाते त्यात तर्काची चूक आहे. समजा, आपण आकाशगंगेएवढे मोठे असतो आणि कोट्यवधी वर्षे जगलो असतो, तर आपल्या जगण्याला आपोआप अर्थ आला असता का? नसता आला. मग लहान असल्यामुळे तो जातो, असेही म्हणता येत नाही. लांबी-रुंदी हा या प्रश्नाचा भागच नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर-१ने सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले, त्यात आपली पृथ्वी एका चित्रकणाहूनही लहान आहे. ते चित्र पाहून लोक गहिवरतात आणि मीही गहिवरलो. पण त्यातून एवढेच सिद्ध होते की कॅमेरा फार लांब होता.

अबोली, फोंडा

या तबकडीशी माझ्या तालुक्याचे नाते आहे म्हणून लिहिते. त्यातील संगीताच्या भागात भारतातून एकच ध्वनिमुद्रण निवडले गेले, ते सूरश्री केसरबाई केरकर यांचे. भैरवीतील ‘जात कहाँ हो’, अवघे साडेतीन मिनिटांचे. केसरबाईंचा जन्म १८९२ साली फोंडा तालुक्यातील केरी गावात झाला. ज्या कलावंत समाजात त्या जन्मल्या, त्या समाजातील स्त्रियांची जागा देवळाच्या सेवेशी बांधून जन्माआधीच ठरवलेली असे. गाणे त्यांच्या वाट्याला येत असे, पण त्या गाण्याबरोबर येणारी सामाजिक उपेक्षाही चुकत नसे. अशा घरातून निघून कोल्हापूर, मुंबई असा प्रवास करत, अनेक गुरूंकडे शिकत, शेवटी अल्लादियाखाँसाहेबांकडे वर्षानुवर्षे तालीम घेऊन त्यांनी जे मिळवले ते त्यांना कोणी ठरवून दिलेले नव्हते.

माणसाची विश्वातील जागा हा शब्दप्रयोग मी जेव्हा वाचते, तेव्हा मला आधी ही जागा आठवते. आकाशातील आपले स्थान १४ ताऱ्यांवरून सांगता येते. माणसांतील स्थान मात्र माणसेच ठरवतात आणि ते अन्यायाने ठरवले तर कोणीतरी ते मोडावे लागते. ‘तुझे आयुष्य कशासाठी’ याचे उत्तर ज्यांना जन्मतःच हातात दिले गेले, त्यांना विचारून पाहावे, की प्रयोजन ठरलेले असणे ही नेहमीच सुखाची गोष्ट असते का. म्हणून शून्यबिंदू यांच्या म्हणण्यातील एक भाग मला दिलासा देणारा वाटतो. आपण कोणी कशासाठी घडवलेले नाही, हे वाक्य काहींना पोरके करणारे वाटेल, पण केरीच्या त्या मुलीसाठी तेच मुक्तीचे वाक्य ठरले असते.

व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या. त्या ५५ भाषांत आमची कोकणी नाही याचे मला वाईट वाटत असे. आता मी असे समजते, की शब्द गेले नसले तरी ज्या गळ्याने लहानपणी कोकणी बोलली गेली तो गळा गेला आहे.

नांगरट

मी नारायणगावजवळ शेती करतो. द्राक्षे आणि टोमॅटो. आमच्या भागात खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, ज्याला सगळे जीएमआरटी म्हणतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी ही दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यातील १४ मधल्या चौकात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पार २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या थाळ्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता पोलादी तारांच्या जाळीचा केला. त्यामुळे त्या हलक्या झाल्या आणि वारा अडत नाही. खाली उभे राहिले की जाळीतून आकाश दिसते. विज्ञानदिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरते, तेव्हा शाळांच्या गाड्यांनी रस्ता भरून जातो. मी माझ्या मुलांना तीनदा नेले.

तबकडीच्या आवरणावर ताऱ्यांचा नकाशा आहे हे वर आले. त्याच आवरणावर खालच्या कोपऱ्यात दोन लहान वर्तुळे आहेत आणि ती हायड्रोजनच्या अणूची आहेत. हायड्रोजनचा अणू एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. विश्वात कुठेही गेले तरी ही लहर तीच असणार, म्हणून तिच्याशी निगडित असलेला काळ हेच घड्याळाचे एकक म्हणून तबकडीवर धरले आहे. खोडदच्या थाळ्या जे ऐकतात त्यात हीच हायड्रोजनची लहर आहे.

२०२३च्या जानेवारीत अशी बातमी आली, की जीएमआरटीने एका फार दूरच्या आकाशगंगेतील हायड्रोजनची लहर टिपली. ती लहर निघाली त्याला ८८० कोटी वर्षे झाली. वर शून्यबिंदू यांनी पृथ्वीचे वय ४५४ कोटी लिहिले आहे. म्हणजे ते टपाल निघाले तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. ज्या पत्त्यावर ते पोहोचले तो पत्ताच अजून व्हायचा होता. वाटेत एक आकाशगंगा आडवी होती आणि तिच्या गुरुत्वामुळे ही क्षीण लहर भिंगातून यावी तशी मोठी होऊन आली, नाहीतर ती ऐकू आली नसती. हे वाचले त्या रात्री मी बागेला पाणी द्यायला गेलो होतो. रात्रपाळीची वीज होती. पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या अगदी आरंभी, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, तयार झालेला आहे, हे मी प्रदर्शनात ऐकले होते. तो ठिबकच्या नळीतून थेंबथेंब वेलीच्या मुळाशी जात होता आणि मी बॅटरी घेऊन कुठली नळी तुंबली आहे ते पाहत होतो.

शून्यबिंदू म्हणतात, की तबकडी कोणाला मिळण्याची शक्यता शून्य आहे. त्यांचा हिशेब बरोबर असेल. मी एवढेच म्हणेन, की ८८० कोटी वर्षांपूर्वी खोडदचा हिशेब कोणी केला असता तर तोही शून्यच आला असता.

शून्यबिंदू

नांगरट, आपला मुद्दा मी मान्य करतो, पण त्या हायड्रोजनने काही ‘पाठवले’ नव्हते. पाठवणे हा शब्द आपण नंतर वापरतो. अर्थात, ऐकणारा निर्माण झाल्यावरच ती लहर निरोप ठरली, असे आपल्याला म्हणायचे असेल, तर ते मला फार महत्त्वाचे वाटते. मग अर्थ पाठवणाऱ्याजवळ नसतो, तो घेणाऱ्याजवळ तयार होतो. आपल्या जगण्याचे प्रयोजन विश्वाकडे मागण्याऐवजी विश्वाला ऐकणारे कोणीतरी निर्माण झाले आहे, याकडे पाहावे लागेल. हे मी आधी असे पाहिले नव्हते.

पायरीचा दगड

‘धन्य’ आणि ‘कृतार्थ’ यांतील भेद मूळ लेखात नेमका पकडला आहे, त्यात थोडी भर घालतो. आपल्या परंपरेने प्रयोजनाचा विचार केलेला नाही असे नाही. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ म्हणजे प्रयोजनांची मांडणीच आहे. पण वारकरी माणूस वारीहून परत येतो तेव्हा तो ‘माझा पुरुषार्थ साधला’ असे म्हणत नाही, तो ‘धन्य झालो’ म्हणतो.

आमच्या घरी चार पिढ्या वारी आहे. आषाढीला पंढरपुरात एवढी गर्दी होते की दर्शनाची रांग गावाबाहेर जाते आणि कित्येक वारकऱ्यांना आत जाऊन पायांवर डोके ठेवणे जमत नाही. ते नामदेव पायरीपाशी येतात, वर कळसाकडे पाहून हात जोडतात आणि गावाकडची वाट धरतात. माझी आजी अशी ११ वर्षे कळस पाहून परतली. मी लहानपणी तिला विचारले होते, की एवढे चालून आत न जाताच परत यायचे, तर मग गेलीस कशाला? तिने मला समजावून सांगितले नाही. ती पायाच्या भेगांना कोकमाचे तेल गरम करून भरत होती आणि “पुढच्या वर्षी तू चल” एवढेच म्हणाली.

मी ज्या वयात आहे तिथून पाहताना मला वाटते, की प्रयोजन शेवटच्या मुक्कामावर ठेवले, तर ज्याला मुक्काम गाठता आला नाही त्याचे सगळे चालणे वाया गेले असे मानावे लागते. आजीच्या हिशेबात चालणे वाया जातच नव्हते.

रात्रपाळी

मी गेली १९ वर्षे परिचारिका आहे आणि त्यातील बराच काळ मी बरे न होणाऱ्या रुग्णांच्या विभागात काढला आहे. सांजतारा, तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगते.

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा सिद्धान्त नको असतो. त्याला आपल्या आयुष्यातील एखादी गोष्ट कोणाला तरी सांगायची असते आणि ती कुठून सुरू करावी ते उमगत नसते. दुसरे असे, की जी माणसे शांतपणे जातात ती फार मोठे काही केलेली असतातच असे नाही. एक आजोबा आयुष्यभर सायकली दुरुस्त करत आले होते. शेवटच्या आठवड्यात ते मला रोज रात्री चाकाची आरी कशी ताणायची ते सांगत, कारण चाक कुठे डगमगते ते हाताने कळते, डोळ्यांनी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझा हात धरून त्यांनी पलंगाच्या कठड्यावर ते करून दाखवले. मला सायकल दुरुस्त करता येत नाही, पण ते सारे अजून आठवते.

वडिलांना उत्तर देऊ नका. त्यांना एखाद्या पत्राबद्दल विचारा.

जुना संकेत

मी संगणकाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या यानाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉयेजर-१ने अर्थपूर्ण माहिती पाठवणे थांबवले. संदेश येत होते, पण त्यांत शून्य आणि एक यांची एकच निरर्थक नक्षी पुन्हा पुन्हा येत होती. अभियंत्यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की माहिती जुळवून पाठवणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली आहे आणि सुमारे ३ टक्के स्मृती त्यामुळे गेली आहे. तिथे जाऊन चिप बदलणे शक्य नव्हते आणि त्या चिपमध्ये अडकलेला संकेत, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, ठेवायला एका जागी पुरेल एवढी मोकळी स्मृतीही नव्हती. त्यांनी त्या संकेताचे तुकडे केले, जिथे जिथे थोडी जागा मिळाली तिथे ते बसवले आणि तरीही ते एकसंध चालतील असे सगळे संदर्भ बदलले. १८ एप्रिल २०२४ रोजी पहिला तुकडा पाठवला. संदेश जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. २० एप्रिलला पाच महिन्यांनंतर प्रथमच यानाने आपली प्रकृती कळवली.

त्या यानाची वीज दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते आहे. एकेक उपकरण बंद करावे लागते. कॅमेरे १९९० सालीच, पृथ्वीचे ते चित्र घेतल्यानंतर, बंद केले गेले. म्हणजे या दुरुस्तीने यान कायमचे वाचले नाही आणि हे त्या अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. जे काही वर्षांत गप्प होणारच आहे, त्याच्यासाठी माणसे पाच महिने जीव ओतून काम करतात. मी स्वतः असे काम केलेले आहे आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. रात्रपाळी यांच्या प्रतिसादातील विभागातही रोज हेच चालत असणार.

सांजतारा

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले, त्यात तीन संध्याकाळी गेल्या. अबोली यांचा प्रतिसाद वाचून झाल्यावर केसरबाईंचे ते साडेतीन मिनिटांचे गाणे आम्ही मोबाइलवर लावले. पहिल्यांदा ऐकताना वडिलांचे डोळे मिटलेले होते आणि मला वाटले की त्यांना झोप लागली, पण गाणे संपताच त्यांनी बोट हलवून पुन्हा लावायची खूण केली. शून्यबिंदू यांच्या आकड्यांवर ते काही बोलले नाहीत. नांगरट यांचे वाचले तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवून खात्री करून घेतली, की पत्र आधी निघाले आणि घर नंतर बांधले गेले, असेच त्या गृहस्थांना म्हणायचे आहे ना. मी हो म्हटले.

रात्रपाळी यांनी सांगितले म्हणून काल मी त्यांना एखाद्या पत्राबद्दल विचारले. त्यांना फार आठवावे लागले नाही.

मिरजेकडे जाणारी रात्रीची गाडी होती आणि हाताला एक पोस्टकार्ड लागले. पत्त्यात बाईचे नाव, ‘चिंचेखालचं घर’ आणि ‘मु. पो. वडगाव’, एवढेच. तालुका नाही, जिल्हा नाही, आणि महाराष्ट्रात वडगावे किती आहेत ते त्यांना पाठ होते. असे कार्ड अपुऱ्या पत्त्याच्या गठ्ठ्यात टाकायचे, असा नियम होता. त्यांनी ते दिव्याखाली धरले. दुसऱ्याचे पत्र वाचू नये हे त्यांना कळत होते, पण पोस्टकार्ड उघडेच असते, आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘हळद शिजवून झाली का, कोणी मदतीला आले का, ते कळव.’ हळद शिजवतात म्हणजे सांगलीकडचे वडगाव असणार, असे त्यांनी मनाशी धरले आणि कार्ड तिकडच्या खणात लावले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले की खात्री आहे का, तेव्हा त्यांनी नाही म्हणून सांगितले. तोवर कराड आले होते आणि थैल्या उतरवायच्या होत्या.

“पोचलं असेल?” मी विचारले.

“ते आपल्याला कसं कळणार,” वडील म्हणाले. मग थोडा वेळ थांबून त्यांनी उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि समोरच्या भिंतीकडे, खालून तिसऱ्या ओळीत, डावीकडे, कुठल्या खणात ते कार्ड लावले होते ते मला दाखवले.